बदलत्या पाण्यात स्थिर काय राहतं? खाऱ्या पाण्यातला बेडूक आणि त्याची पेशी



या मालेत आपण एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहोत. एखादी गोष्ट बदलते आणि तरी ती तीच राहिली असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय तेच राहिलेलं असतं? मागच्या दोन व्याख्यानांतली उदाहरणं सगळी ग्रंथांतली होती. आज एक उदाहरण चिखलातलं घेतो. बेडकाचं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्राणिशास्त्र नाही. तेव्हा समोर प्रयोगशाळेतली मंडळी बसली असतील तर त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. पण 'स्थैर्य' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, हे या बेडकाइतकं स्वच्छ मला दुसरं कुणी दाखवलेलं नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. खमंग काकडीसाठी काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की थोड्या वेळानं तिला पाणी सुटतं. कुणी पिळलेलं नसतं. काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. ते पाण्याला बऱ्यापैकी वाट देतं, मिठाला सहजासहजी देत नाही. आणि पाण्याचा स्वभाव असा, की जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे ते जातं. यालाच शाळेच्या पुस्तकात परासरण म्हणतात. बाहेर मीठ जास्त झालं तर पेशी आक्रसते. उलट बाहेर साधं पाणी असेल तर पेशीत पाणी शिरतं आणि ती फुगते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते, म्हणून ती फुगली तरी टिकते. प्राण्यांच्या पेशीला भिंत नाही. ती फुटते.

हे कण मोजायचं एकक आहे मिलिऑस्मोल. नावाला घाबरू नका. एक लिटर पाण्यात विरघळलेले कण किती, एवढंच ते सांगतं. समुद्राचं पाणी साधारण १००० मिलिऑस्मोल. आपलं रक्त २९० च्या आसपास. बेडकाचं रक्त आणखी पातळ, २०० ते २५०. म्हणून दवाखान्यात माणसाला लावतात ते सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं, आणि कॉलेजात ज्यांनी बेडकाची चिरफाड केली असेल त्यांना आठवत असेल, बेडकासाठीचं द्रावण सुमारे ०.६५ टक्क्यांचं करतात.

आता बेडकाची नेहमीची अडचण काय? तो राहतो गोड्या पाण्यात, ज्यात विरघळलेले कण जवळजवळ नाहीतच. त्याची कातडी ओली, पातळ. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, तो कातडीनंच पितो. म्हणजे चोवीस तास पाणी आत येतच असतं. मूत्रपिंड ते पातळ मूत्राच्या रूपानं उपसून बाहेर टाकत असतं, आणि त्यात थोडं मीठही वाहून जातं. ते मीठ परत मिळवायचं काम पुन्हा कातडीकडेच. तिच्या पेशींना बाहेरच्या अंगाला सोडियम आत घेणारी दारं असतात आणि आतल्या अंगाला तो सोडियम शरीरात ढकलणारे पंप. हान्स उसिंग या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन द्रावणांच्या मध्ये ताणून बसवला आणि दाखवून दिलं, की त्यातून मोजता येणारी वीज ही सोडियमच्या या एकतर्फी वाहतुकीचीच आहे. पुढे १९५७ मध्ये येन्स स्कौ या दुसऱ्या डॅनिश माणसानं तो पंप म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन हे शोधलं, तेही खेकड्याच्या मज्जातंतूत. त्याला १९९७ मध्ये नोबेल मिळालं. चाळीस वर्षांनी! असो. खेकडा पुढे परत येणार आहे.

म्हणजे बेडकाची सगळी रचना गोड्या पाण्यासाठी. हाच बेडूक समुद्रात टाकला तर सगळं उलटं होतं. पाणी कातडीतून बाहेर, मीठ आत. डार्विनला हे माहीत होतं. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्यानं एक निरीक्षण नोंदवलं आहे: भर महासागरातल्या बेटांवर बेडूक, भेक, सॅलॅमँडर हे प्राणी सापडत नाहीत. हवा-पाणी त्यांना अगदी मानवण्यासारखं असलं तरी नाहीत. कारण समुद्राच्या पाण्यात ते आणि त्यांची अंडी लगेच मरतात, त्यामुळे ते पोहत किंवा वाहत तिथवर जाऊच शकत नाहीत. डार्विनच्या एकूण युक्तिवादात हा फार चांगला पुरावा आहे. प्रत्येक बेट तिथल्या प्राण्यांसकट स्वतंत्रपणे घडवलं असतं, तर बेडूकच तेवढे का वगळले गेले असते?

पण निसर्गात नियमाला अपवाद निघतो आणि मग नियम जास्त कळतो. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स या भागात कांदळवनांच्या चिखलात एक बेडूक राहतो. फेजेर्वार्या कॅन्क्रिव्होरा. पूर्वी त्याला राना कॅन्क्रिव्होरा म्हणत. 'कॅन्क्रिव्होरा' म्हणजे खेकडेखाऊ. भरतीच्या खाऱ्या पाण्यात तो उतरतो, खेकडे पकडतो, खातो. पावसाळ्यात गोड्या पाण्यातही मजेत असतो. १९६१ मध्ये माल्कम गॉर्डन, क्नुट श्मिट-नील्सन आणि हॅमिल्टन केली या तिघांनी थायलंडच्या या बेडकांवरचं काम प्रसिद्ध केलं. प्रौढ बेडूक समुद्राच्या सुमारे चार-पंचमांश खारटपणात टिकतात असं दिसलं. म्हणजे बाहेर ८०० मिलिऑस्मोल आणि बेडकाचं नेहमीचं रक्त त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मग तो काकडीसारखा सुकत का नाही?

त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? पहिला उपाय सुचतो तो दार बंद करण्याचा. कातडी जलाभेद्य करायची. पण बेडूक कातडीनं श्वासही घेतो, ती बंद करून चालणार नाही. दुसरा उपाय समुद्री माशांचा: खारं पाणी प्यायचं आणि मीठ वेगळं काढून कल्ल्यांतून बाहेर फेकायचं. प्रौढ बेडकाला कल्ले नाहीत. समुद्रपक्ष्यांना असते तशी मिठाची ग्रंथी नाही. आणि त्याच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा दाट मूत्र बनवता येत नाही. सगळ्या वाटा बंद. उरतं एकच. बाहेरचं बदलता येत नसेल तर आतलं बदलायचं.

आणि तो नेमकं तेच करतो. त्याच्या रक्तातले कण वाढत जातात, इतके की ते बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्तच होतात. सुमारे ८३०. म्हणजे एवढ्या खाऱ्या पाण्यात बसूनही त्याच्या कातडीतून पाणी हळूहळू आतच येतं. हे कण कसले? रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड साधारण दुप्पट होतं. पण मोठी वाढ आहे ती युरियाची. लिटरला सुमारे ३५० मिलिमोल. तुम्ही रक्ततपासणीच्या कागदावर युरिया बघता ना, माणसाच्या रक्तात तो याच मापात ५ च्या आसपास असतो. सत्तर पट! शार्क मासेही समुद्रात असंच करतात, हे आधीपासून माहीत होतं. बेडकात ते सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. युरिया हा आपण टाकाऊ समजतो. बेडूक तो यकृतात जास्त बनवतो, मूत्र कमी करतो आणि बनवलेला युरिया साठवून ठेवतो.

इथे थोडं थांबू, कारण इथे माझ्या विषयाचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं एक मोठी कल्पना मांडली. त्याची यावरची व्याख्यानं १८७८ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्याचं म्हणणं असं, की प्राण्याला दोन परिसर असतात. एक बाहेरचा, आणि दुसरा आतला, म्हणजे पेशी ज्यात न्हाऊन निघतात ते रक्त आणि इतर द्रव. प्राणी बाहेरच्या लहरीपासून मोकळा होतो तो हा आतला परिसर स्थिर ठेवून. नंतर १९२६ मध्ये वॉल्टर कॅनननं यालाच 'होमिओस्टॅसिस' हा शब्द दिला. गेली शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं आपल्याला सांगत आली, की जीवन म्हणजे आतली स्थिरता.

आता खेकडेखाऊ बेडूक या वाक्यात कुठे बसवायचा? त्याचा आतला परिसर तर जवळजवळ तिप्पट बदलला. 'कमी विकसित प्राणी, त्याला स्थिरता जमत नाही' असं म्हणून मोकळं होता येतं, आणि काही पुस्तकांचा सूर तसा असतोही. मला ते अजिबात पटत नाही. तो बदल बेडकावर ओढवलेला नाही, त्यानं तो घडवून आणला आहे. यकृत कामाला लावून, खर्च करून. मग प्रश्न असा विचारायला हवा: हा बदल त्यानं कशासाठी केला? काय वाचवायला?

त्यासाठी कातडी सोडून आत पेशीपर्यंत जावं लागतं. सीमा दोन आहेत, हे विसरू नका. एक समुद्र आणि रक्त यांच्यातली, म्हणजे कातडी. दुसरी रक्त आणि पेशी यांच्यातली, म्हणजे पेशीचं पटल. युरियाची गंमत ही, की तो बहुतेक पेशीपटलांतून आरपार जातो. रक्तात वाढला की पेशीतही तेवढाच वाढतो. म्हणजे समुद्राशी झुंजताना तो उपयोगी, पण रक्त आणि पेशी यांच्यात तो कुणाचीच बाजू घेत नाही. मात्र रक्तातलं सोडियम-क्लोराइड दुप्पट झालं आहे, आणि ते पेशीत सहज शिरत नाही. पेशीतून पाणी ओढून घेणारं तेच. तेव्हा पेशीला त्याच्या तोडीचं काहीतरी आत जमवावंच लागतं.

काय जमवावं? सगळ्यात सोपं म्हणजे सोडियमच आत घ्यायचं. पण ते परवडणारं नाही. पेशीत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, बाहेर त्याच्या उलट, या फरकावर मज्जातंतूंचे संदेश चालतात, स्नायूचं आकुंचन चालतं. शिवाय प्रथिनं ही घडी घातलेल्या कापडासारखी असतात. घडी नेमकी असेल तरच काम होतं, आणि विद्युतभारित आयन फार वाढले की घडी बिघडते. म्हणून पेशी निवड करते. या बेडकाच्या स्नायूपेशींत मोकळी अमिनो आम्लं वाढलेली सापडतात. हिरवा भेक नावाचा एक प्राणी युरोप-पश्चिम आशियात आहे, तोही बराच खारटपणा सोसतो, त्याच्याही स्नायूंत हाच प्रकार गॉर्डनला दिसला. अमिनो आम्लं म्हणजे ज्यांपासून प्रथिनं बनतात तेच छोटे रेणू. पेशीच्या ओळखीचे. गर्दी केली तरी कुणाच्या कामात लुडबूड न करणारे. पॉल यान्सी, जॉर्ज सोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या सगळ्याचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा लक्षात आलं की जीवाणूंपासून वनस्पती-प्राण्यांपर्यंत खारटपणाशी किंवा कोरडेपणाशी गाठ पडलेल्या पेशी मोजक्याच जातींचे रेणू पुन्हा पुन्हा वापरतात. साखरेसारखे अल्कोहोल, अमिनो आम्लं, मिथाइलअमाइन. सगळे निरुपद्रवी.

तर उत्तर हे, की रक्ताची दाटी हा आकडा बेडूक सोडून देतो. त्याच्या पेशीतली एकूण दाटीही तो सोडून देतो. तो धरून ठेवतो ते पेशीचं आकारमान, पोटॅशियम-सोडियमचं नातं आणि प्रथिनांची घडी. काहीतरी स्थिर आहे, बर्नार चुकला नव्हता. पण ते कुठल्या मजल्यावर शोधायचं, हे प्रत्येक प्राण्यात पुन्हा विचारावं लागतं. कॅनननं तर स्वतःच बजावलं होतं की होमिओस्टॅसिस म्हणजे थिजलेपण नव्हे. आपल्याकडे जैन दर्शनात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी मानले आहेत. काही जण माना डोलावताहेत ते मला दिसतंय. पण त्या सिद्धान्तातून बेडकाचा युरिया निघत नाही, हेही सांगून ठेवतो. तो चिखलात उतरून मोजावा लागला.

आता वेळेचा मुद्दा, आणि माझ्या मते तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. अमिनो आम्लं जमवायला, यकृतातली युरिया बनवणारी यंत्रणा वाढवायला वेळ लागतो. काम तासांचं नाही, दिवसांचं आहे. तोवर पेशी काय करते? इथे अमेरिकेतला आणखी एक उभयचर कामाला आला. अँफियुमा. दिसायला ईल माशासारखा लांबट सॅलॅमँडर, पाय अगदी नावाला. पण त्याच्या तांबड्या रक्तपेशी प्राणिजगतात सगळ्यात मोठ्यांपैकी आहेत. आपली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन, त्याची सुमारे ७०. पीटर काला यांनी १९८० मध्ये दाखवलं, की या पेशी पातळ द्रावणात टाकल्या की आधी फुगतात, मग पोटॅशियम बाहेर सोडून हायड्रोजन आयन आत घेतात, क्लोराइडही बाहेर जातं, त्यामागून पाणी जातं, आणि तासा-दोन तासांत पेशी मूळ आकाराकडे येते. दाट द्रावणात टाकल्या तर आक्रसतात, आणि मग पोटॅशियमच्या जागी सोडियम, दिशा उलटी: सोडियम आत. मघाशी आपण म्हणालो ना, सोडियम आत घेणं परवडत नाही? अडीअडचणीला पेशी तेही करते. हातउसनं घेतल्यासारखं. नंतर पंप चालवून ते फेडावं लागतं.

पाणी शिरण्याचा वेग कमी ठेवणं हाही एक बचाव आहे. आफ्रिकेतल्या झेनोपस या बेडकाची अंडपेशी पाण्याला फारच कमी वाट देते. तळ्याच्या गोड्या पाण्यात अंडी टिकायची तर ते हवंच. पीटर ॲग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याचाच उपयोग करून घेतला. तांबड्या रक्तपेशीतलं एक प्रथिन पाण्याची वाट असावं असा त्यांना संशय होता. त्या प्रथिनाचा संदेश-आरएनए त्यांनी या अंडपेशींत टोचला. साध्या अंडपेशी पातळ द्रावणात शांत पडून राहिल्या. टोचलेल्या पेशी काही मिनिटांत फुगून फुटल्या. ॲक्वापोरिन सापडलं ते असं, आणि त्याला २००३ चं नोबेल मिळालं.

खेकडेखाऊ बेडकाची पिल्लं, म्हणजे भैकेरं, हे या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडतं पान आहे. ती प्रौढांपेक्षाही काटक. समुद्राहूनही थोड्या जास्त खाऱ्या पाण्यात तग धरतात. पण पद्धत साफ वेगळी. ती युरिया साठवत नाहीत. त्यांना कल्ले आहेत, आणि ती माशांसारखं मीठ बाहेर टाकून रक्त समुद्रापेक्षा पातळ ठेवतात. एकच प्राणी, एकच जनुकांचा संच. लहानपणी बाहेरच्याला रोखतो, मोठेपणी स्वतः बदलतो. मात्र ही पद्धत बदलताना मधला काळ नाजूक असतो. दाट खाऱ्या पाण्यात भैकेराचा बेडूक होत नाही. पावसानं पाणी पातळ होईपर्यंत रूपांतर थांबून राहतं.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. 'निसर्ग जुळवून घेतो' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते काही न करण्याची सबब म्हणून येतं. जुळवून घेण्याचा खर्च कुणी विचारत नाही. युरियाच्या एका रेणूमागे पेशीला एटीपी या ऊर्जेच्या चलनातले चार बंध मोडावे लागतात, शिवाय नायट्रोजन लागतो, म्हणजे प्रथिनं खायला लागतात. खेकडे उगाच नाहीत त्याच्या आहारात. आणि वेळ लागतो. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला हिवाळाभर मीठ पसरतात. वसंतात ते वाहून कडेच्या डबक्यांत जातं, आणि नेमकी त्याच सुमारास उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग आणि ठिपकेदार सॅलॅमँडर तिथे अंडी घालतात. रस्त्यालगतच्या डबक्यांत त्यांची अंडी-पिल्लं कमी जगतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तिथला खारटपणा समुद्राच्या जवळपासही नसतो. पण या प्राण्यांच्या वंशाला कांदळवनाचा अनुभव नाही, आणि अंड्यात असलेल्या जिवाकडे ना यकृत तयार आहे, ना दिवस.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो आणि थांबतो.

पहिली: 'जळवेवर मीठ टाकलं की ती मरते, तिच्या पेशी असं का करत नाहीत?' जळू उभयचर नव्हे, पण प्रश्न चांगला आहे. मिठाचा खडा तिच्या ओल्या अंगावर विरघळतो तेव्हा तिथे होणारं द्रावण समुद्राच्या दहापट दाट असू शकतं. आणि ते एका क्षणात. याला खेकडेखाऊ बेडकाकडेही उत्तर नाही.

दुसरी: 'मग माणसालाही युरिया वाढवून समुद्राचं पाणी पिता येईल का?' नाही. समुद्राच्या पाण्यातलं मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडाला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं, म्हणून ते पिणारा आणखी सुकतो. आणि रक्तात एवढा युरिया आपली प्रथिनं, आपला मेंदू सोसणार नाही. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला एक सांगतो. आपल्याही शरीरात एक खाडी आहे. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात, मूत्र दाट करण्यासाठी, मीठ आणि युरिया दोन्ही साठवलेले असतात. तिथली दाटी १२०० मिलिऑस्मोलपर्यंत जाते, समुद्रापेक्षा जास्त. तिथल्या पेशी जगतात त्या याच युक्तीनं: सॉर्बिटॉल, इनॉसिटॉल, बीटेन असले निरुपद्रवी रेणू आत साठवून. आणि तुम्ही घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यायलात की तीच दाटी भराभर उतरते, आणि त्या पेशी साठवलेले रेणू बाहेर सोडून द्यायला लागतात.